माझ्याआडून दिसला तो जांभळा

मी एक घागरा आहे, मित्रांनो. जुना म्हणा हवं तर. वय तसं दोनच वर्षं, पण आमच्या ला पास शहरात नाचाच्या घागऱ्याला एक वर्ष झालं की तो म्हातारा झाला. ग्रान पोदेरच्या, म्हणजे आमच्या मोठ्या सणाच्या मिरवणुकीत एक दिवस नाचायचं आणि मग खिळ्याला लटकायचं. एवढ्यात सगळा जन्म आला.

आणि आधीच सांगून टाकतो, स्वभावानं मी बरा नाही. जळका आहे. चकाकणारं कापड असंच असतं. सुती कापडाकडं कुणी बघितलं काय आणि नाही बघितलं काय, ते आपलं अंग पुसायच्या कामाला येतं. आमच्याकडं कुणी बघितलंच नाही, तर आम्ही कशाला आहोत?

जन्म माझा समुद्रापलीकडच्या कुठल्याशा कारखान्यातला. लोकांना वाटतं माझ्यात सोनं आहे. कसलं सोनं घेऊन बसलात! केसासारखा बारीक प्लॅस्टिकचा धागा, त्याच्यावर अ‍ॅल्युमिनियमचा मुलामा, वरून पिवळा रंग. हा झाला आडवा धागा. उभा धागा हिरवा. वीण इतकी विरळ की माझ्यापलीकडं वर्तमानपत्र धरलंत तर ठळक बातम्या वाचता येतील. रंग कच्च्या पेरूचा, आणि जरा हललो की त्यातून पिवळी वीज पळते. साडेसात मीटर आहे मी, पण गोळा करून धरलंत तर एका ओंजळीत मावेन. तसं धरू नका मात्र. माझ्यावर पडलेली घडी जात नाही.

आमच्याकडं नाचणाऱ्या बायकांची पथकं असतात. आमचं पथक पारव्यांचं. चोवीस बायका, सहा-सहाच्या चार ओळी. चोवीसही घागरे एकाच रंगाचे, एकाच कापडाचे. दर वर्षी कापड नवं, रंग नवा. आणि तो रंग मिरवणुकीच्या सकाळपर्यंत दुसऱ्या पथकाला कळता कामा नये. नवऱ्याला सांगत नाहीत, सासूला सांगत नाहीत. पाद्रीबाबाच्या कानात सगळी पापं सांगून येतील, पण रंग सांगणार नाहीत. कारण रंग फुटला की दुसरं पथक तोच घेऊन आधी मिरवतं, आणि मग आपण त्यांची नक्कल केली असं सगळं शहर म्हणतं. मेल्याहून मेल्यासारखं होतं.

पारव्यांची म्होरकी दोन्या असेन्सिया. दोन्या म्हणजे आमच्याकडं बाईसाहेब. उंच, रुंद, कानात लोंबती कर्णफुलं, आणि आवाज असा की बँडमधला ढोलवाला दचकावा. तिनं मला निवडलं. दुकानात चाळीस थानं उलगडून टाकली होती. तिनं मला उचललं, दारातल्या उन्हात धरलं आणि म्हणाली, "हाच. बाकीचे झाका." मित्रांनो, बाकीची एकोणचाळीस थानं माझ्याकडं कशी बघत होती म्हणून सांगू! त्या दिवशी दुसऱ्याच्या पोटात दुखायचं कारण मी होतो. फार गोड वाटतं ते. सवय लागते.

शिवलं मला सेनोन मास्तरांनी. वाळका माणूस, गळ्यात टेप, तोंडात टाचण्या. टाचण्या ओठांत धरूनच ते कापडाशी बोलायचे. "तुझ्यात एकदा सुई गेली की भोक कायमचं," मला म्हणाले. "चुकलं, उसवलं, पुन्हा शिवलं, असली सोय नाही. बायकोशी बोलल्यासारखं जपून शिवायचं." इस्त्री ते आधी स्वतःच्या गालाजवळ नेऊन बघायचे. गालाला सोसली तर मला. घेरावर चार आडव्या दुमडी घातल्या त्यांनी. बाई उंच असेल तर एखादी दुमड सोडून घागरा लांब करतात. माझी बाई ठेंगणी होती, म्हणून चारही राहिल्या.

ती माझी बाई म्हणजे सातुर्निना. बाजाराच्या चढावर तिचं दुकान. चुन्यो विकायची. चुन्यो म्हणजे गारठ्यात गोठवून वाळवलेले बटाटे, काळे, दगडासारखे. एकोणीस वर्षं ती पारव्यांत नाचत होती, एकोणीसही वर्षं चौथ्या ओळीत, डाव्या टोकाला. का, तर ठेंगणी. पुढं उंच बायका लागतात, शोभा येते.

पहिल्यांदा नेसताना तिनं माझ्यावर बिअरचे दोन थेंब शिंपडले. नव्या वस्तूवर शिंपडतात आमच्याकडं, धरणीमाईचा वाटा म्हणून. आणि मग आम्ही निघालो. खाली चार पांढरे परकर, वर मी, डोक्यावर गोल टोपी. डोंगरावरून बोचरा वारा येत होता, तिच्या पोटऱ्यांवर काटा आला होता, पण पाऊल काही चुकत नव्हतं. चार तास. बँड वाजतोय, ती डावीकडं झुलते, उजवीकडं झुलते, आणि मी तिच्याभोवती असा फिरतोय जशी काय तिला पालवीच फुटलीय.

चौथी ओळ येईपर्यंत लोक सॉसेज खाण्यात गुंतलेले असतात, खरं आहे. पण कडेला बसलेल्या एका म्हातारीनं हात लांब करून मला चिमटीत धरलं. म्हणाली, "पोरी, सकाळ नेसून आलीस की काय?" सातुर्निना लाजली. बेचाळीस वर्षांची बाई, पोरगी म्हटल्यावर लाजली. तेवढं एक वाक्य मी वर्षभर चघळलं.

मग खिळा. दुकानामागच्या खोलीत, चुन्योच्या पोत्यांवर. मातीचा वास, आणि समोर पिंपाचं झाकण. आधी ती रोज एकदा माझ्याकडं बघायची. मग रविवारी. मग पोतं ओढताना मध्ये आलो की बाजूला सारायची. मी म्हटलं, असू दे. बाईला कामं असतात. मी काही लगेच जळायला लागलो नाही.

जळायला लागलो ते असेन्सिया दुकानात आली त्या दिवसापासून.

"सातुर्निना, बस आधी," असेन्सिया म्हणाली.

"बसलेच आहे की. उभ्यानं कोण चुन्यो विकतं?"

"यंदा तू पहिल्या ओळीत."

सातुर्निनाच्या हातातलं माप तसंच राहिलं. "थट्टा नको करू, दोन्या असेन्सिया. माझी उंची बघितलीस का?"

"रोसेन्दाचा गुडघा गेला. जागा मोकळी आहे. आणि तुझं पाऊल एकोणीस वर्षांत एकदा चुकलेलं नाही."

"तू सगळ्यांत पुढं असतेस. तुला मागचं कसं दिसतं गं?"

"दिसत नाही, ऐकू येतं," असेन्सिया म्हणाली. "चोवीस जणींतून तुझा पाय मला वेगळा ऐकू येतो. चार दिवसांनी सेनोन मास्तरांकडून घागरा घेऊन जा. आणि तोंड शिवून ठेव."

असेन्सिया गेली तशी सातुर्निनानं दाराला कडी घातली आणि पोत्यांच्या मधल्या बोळात एकटीच नाचली. टोपी नाही, बँड नाही, चपला घालून. नाचता नाचता तिचा खांदा मला लागला. तिनं वर बघितलंसुद्धा नाही.

पाचव्या दिवशी तो आला. जांभळा.

आता मी खोटं बोलणार नाही. देखणा होता. माझ्यासारखाच तारेचा, माझ्यासारखाच विरळ, पण त्याची तार चांदीच्या रंगाची. जांभळ्या ढगातून पाऊस दिसावा तसा. अंगाला कारखान्याचा वास, एक घडी नाही, एक डाग नाही. सातुर्निनानं त्याला हातावर आडवा घेतला, जशी बाळं घेतात. आणि बिअर? माझ्यावर दोन थेंब, त्याच्यावर अर्धी बाटली! जमीन निसरडी झाली. "पहिली ओळ," ती त्याच्या कानात सांगावं तसं म्हणाली, "आपण दोघं पहिल्या ओळीत."

मला चौथी ओळ, त्याला पहिली. मी काय पाप केलं होतं? माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. अ‍ॅल्युमिनियम लवकर तापतं, ठाऊक असेल तुम्हाला.

आता त्याला ठेवायचा कुठं? घडी घालता येत नाही. प्लॅस्टिकच्या पिशवीत घाम धरून तार काळी पडते, असं मास्तरांनी बजावलेलं. कपाटाचं दार मोडकं. आणि खरं सांगायचं तर तिला तो रोज बघायचा होता, कुलपात नको होता. मग तिनं काय केलं, तर त्याला माझ्याच खिळ्याला लावला आणि वरून मला त्याच्यावर चढवला. खोळीसारखा.

"जुन्याकडं कोण बघतंय?" स्वतःशीच म्हणाली आणि हात झटकून दुकानात गेली.

मित्रांनो, हे वाक्य माझ्या जितकं जिव्हारी लागलं तितकी सेनोन मास्तरांची एकही सुई लागली नव्हती. ज्याचा मला राग, त्यालाच मी पोटाशी धरून बसायचं. त्याच्यावर धूळ बसू नये म्हणून ती माझ्यावर बसायची. रोज सकाळी सातुर्निना यायची, मला टोकाला धरून वर करायची आणि त्याच्याकडं बघून हसायची. मी मध्ये आलेला पडदा. आणि एक गोष्ट त्या भाबड्या बाईच्या ध्यानातच आली नाही. मी पडदा तर होतो, पण आरपार दिसणारा. खोलीत अंधार असेतोवर ठीक होतं.

ईस्टरनंतरच्या रविवारी एदुविहेस आली, भर सकाळी. एदुविहेस म्हणजे सातुर्निनाच्या लेकीची बाप्तिस्म्याची आई, म्हणून दोघी एकमेकींना कोमाद्रे म्हणायच्या. भांडायला, खायला आणि न विचारता घरात शिरायला मोकळीक असलेलं नातं. माणूस मोठं मजेचं. पण नाचायची ती चांदण्यांच्या पथकात, आणि चांदण्या म्हणजे पारव्यांच्या डोळ्यात सलणारं कुसळ.

"कोमाद्रे, आपी आणलीय गरम गरम," ती थेट मागच्या खोलीत आली. "आणि चीजची पुरी. एक मी वाटेत खाल्ली, तुझी होती ती."

"माझीच बरी खाल्लीस!"

"तू आता पहिल्या ओळीत जायची म्हणे. कमी खाल्लेलं बरं. मागच्यांना बँड तरी दिसला पाहिजे की नाही?"

सातुर्निना हसली. "जळतेस काय गं?"

"मी? मी तर राख झालेय!" म्हणून एदुविहेसही हसली, आणि मक्याचं ते गरम पेय कपात ओतायला खाली बसली. पण ते हसू डोळ्यापर्यंत गेलं नव्हतं. मला लगेच कळलं. जळणारा जळणाऱ्याला ओळखतो.

खोलीत आपीची वाफ झाली, म्हणून सातुर्निनानं खिडकी उघडली. ऊन आत आलं, थेट माझ्यावर. पाठोपाठ वारा आला.

आता नीट ऐका. घागऱ्याला वाऱ्यात दोनच गोष्टी करता येतात. चुण्या मिटून अंगाशी घ्यायच्या, नाहीतर पसरायचं. चुण्या मिटल्या की माझ्याच कापडाचे तीन-चार थर एकावर एक येतात, मग पलीकडचं फारसं दिसत नाही. मला मिटता आलं असतं. लोक म्हणतील वाऱ्याचं काम, घागऱ्याचा काय दोष. पण मला ठाऊक आहे.

मी पसरलो.

एदुविहेसचा कप ओठाशी थांबला. ती माझ्याकडं बघत होती, म्हणजे माझ्यातून बघत होती.

"हा तुझा गेल्या वर्षीचा ना?" ती म्हणाली.

"हो, तोच. लटकलाय बिचारा."

"आतनं काहीतरी निराळं दिसतंय."

सातुर्निनाच्या तोंडचं पाणी पळालं. "अस्तर," ती म्हणाली. "नवं अस्तर लावलं."

"अस्तराला चांदीची तार? चुन्यो भलताच खपतोय की!" एदुविहेस म्हणाली, पुरी मोडली, अर्धी सातुर्निनाला दिली, आणि पुढचा अर्धा तास लेकीच्या सासूबद्दल बोलत बसली. रंगाचा एक शब्द काढला नाही. म्हणूनच तर मी ओळखलं की गेलं.

सातुर्निनाला मात्र वाटलं, निभावलं. तिनं खिडकी लावून घेतली आणि त्या दिवशी मला नीट चापून बसवलं. वर्षभरात पहिल्यांदा हातानं सरळ केलं मला. मला कसं वाटलं असेल? छान वाटलं, मित्रांनो. लाज वाटायला अजून अवकाश होता.

मिरवणुकीच्या आधी आठ दिवस एक छोटी फेरी असते. तिथं सगळी पथकं जुन्यापान्या घागऱ्यांत नाचतात, नवं कुणी दाखवत नाही. सातुर्निना माझ्याहून जुना घागरा नेसून फेरीला गेली आणि ऊन कलायच्या आत परत आली. बूट हातात होते. पोत्यावर बसली आणि माझ्याकडं बघत राहिली. मग हळूच मला वर उचलून जांभळ्याकडं बघितलं, पुन्हा मला सोडलं. पुन्हा उचललं. मग तिच्या तोंडून एवढंच आलं, "आई गं, दिसतंय की सगळं."

चांदण्या फेरीत नवीन घागरे घालून आल्या होत्या. जांभळे. चांदीच्या तारेचे.

दुसऱ्या दिवशी दुपारी असेन्सियानं सगळ्या पारव्यांना आपापला नवा घागरा घेऊन सेनोन मास्तरांच्या दुकानात बोलावलं. सातुर्निनानं आम्हाला खिळ्यावरून जसे होतो तसेच उचलले, एकावर एक. वेगळं करायचं तिला भान नव्हतं.

दुकानात चोवीस बायका, बसायला दोन खुर्च्या. कुणी रडत होतं, कुणी चांदण्यांच्या सात पिढ्या काढत होतं. असेन्सिया कापायच्या टेबलापुढं उभी राहिली.

"मास्तर, कापड कुणाला दाखवलंत?"

सेनोन मास्तरांनी तोंडातल्या टाचण्या काढल्या. "माझ्या बापानं तुझ्या आईचे घागरे शिवलेत, दोन्या असेन्सिया."

"मी बापाचं विचारलं नाही. चोवीस जणींपैकी कुणी सांगणार नाही. उरला कोण?"

"पुढच्या वर्षापासून दुसरा शिंपी बघू," मागून कुणीतरी म्हणालं. "बघायलाच पाहिजे," दुसरी म्हणाली.

मास्तरांनी गळ्यातली टेप काढली, गुंडाळली आणि टेबलावर ठेवली. सातुर्निना त्या टेपकडं बघत होती. ती गप्प बसली असती तर कुणाला कळणार नव्हतं. पहिली ओळ शाबूत राहिली असती. एकोणीस वर्षांनी आलेली.

"माझ्या घरातून गेला रंग," ती म्हणाली.

"तू सांगितलास?" असेन्सियानं विचारलं.

"मी नाही. ह्यानं सांगितला." आणि तिनं मला वर धरलं.

वर्षभर मी तळमळत होतो ना, कुणीतरी बघा माझ्याकडं म्हणून? आता अख्खं दुकान बघत होतं. कुठं तोंड लपवू असं झालं. आणि आरपार कापडाला तोंड लपवायलाही जागा नसते.

सातुर्निनानं सगळं सांगितलं. खिळा, खिडकी, आपी, अस्तर.

"आरपार कापडाखाली लपवलास?" एक बाई रडता रडता हसायला लागली. "काचेमागं जाऊन कपडे बदलशील, सातुर्निना!"

"कपाटात का नाही ठेवलास?" असेन्सिया ओरडली.

"रोज बघायचा होता मला." सातुर्निना खाली बघत म्हणाली. "पहिल्या ओळीतला होता म्हणून."

हसणारीनं डोळे पुसले. असेन्सियानं टेबलावर हात टेकले. मग म्हणाली, "नियम तुला ठाऊक आहे. ज्या घरातून रंग फुटला ते घर त्या वर्षी नाचत नाही."

"ठाऊक आहे."

"मास्तर, मला माफ करा. टेप घाला गळ्यात."

मास्तरांनी टेप घातली नाही. ते टेबलाला वळसा घालून आले, सातुर्निनाच्या हातातून आम्हा दोघांना घेतलं, तसंच एकावर एक, आणि दारातल्या उन्हात धरून हळूहळू फिरवलं.

काय झालं ते मला आतून दिसलं नाही, पण बायकांच्या तोंडावर दिसलं. माझा हिरवा आणि त्याचा जांभळा मिळून काहीतरी तिसरंच झालं होतं. नंतर बायका सांगत होत्या त्यावरून कळलं, काळ्या द्राक्षांवरून मध ओघळावा तसं. फिरवलं की जांभळं आतून वर येतं आणि पुन्हा बुडतं. एका जागी ठरत नाही.

"चांदण्यांकडं जांभळा आहे," सेनोन मास्तर म्हणाले. "पण पारव्यांचा गेल्या वर्षीचा हिरवा त्यांनी आणायचा कुठून? ते थान संपलं."

सगळ्या एकदम बोलायला लागल्या. माझा आहे! माझा माळ्यावर आहे! माझा नातीच्या झग्याला कापलाय, पण घेर शिल्लक आहे! माझा वहिनीला दिला, वहिनीच्या अंगावरून उतरवून आणते!

असेन्सिया मात्र आपल्या कर्णफुलाशी चाळा करत होती.

"आणि तुझा, दोन्या असेन्सिया?" कुणीतरी विचारलं.

"विकला," ती पुटपुटली. एवढ्या मोठ्या आवाजाची बाई, पण पुटपुटली. "एल आल्तोच्या बाजारात. जुना ठेवून काय करायचा होता?" मग तिनं सातुर्निनाकडं बघितलं. "तुझा लागेल मला."

सातुर्निनानं मान डोलावली.

असेन्सिया तिच्यापेक्षा वीतभर उंच. एक दुमड सोडल्याशिवाय मी तिला पुरणार नव्हतो. मास्तरांनी कात्री घेतली, तर सातुर्निना म्हणाली, "मी उसवते."

"भोकं राहतील," मास्तर म्हणाले.

"राहतील तर राहतील. माझ्याच हातानं राहू देत."

टेबलाच्या कोपऱ्याशी बसून तिनं माझी खालची दुमड उसवली. टाक्यामागून टाका. घाई नाही, ओढाताण नाही. संपल्यावर बोटाच्या पेरानं ती भोकांची रांग एकदा या टोकापासून त्या टोकापर्यंत चाचपली आणि मला असेन्सियाच्या हातात दिलं. आणि चुन्योचं दुकान उघडायचं आहे म्हणून निघून गेली.

तर मित्रांनो, मला हवं होतं ते सगळं मिळालं. मी पुन्हा नाचलो. पहिल्या ओळीत, मधोमध. लोकांनी हातातलं खाणं खाली ठेवलं. "पारव्या! पारव्या!" म्हणून गल्ली दणाणली. चांदण्या आमच्या मागून येत होत्या आणि त्यांच्या जांभळ्याकडं कुणी ढुंकूनही बघत नव्हतं. "काय रंग आहे!" म्हणत होते लोक. रंग माझा नव्हता. जांभळ्याचाही नव्हता. पण कुणाचा ते लोकांना काय करायचंय?

असेन्सियाचं पाऊल जोरकस आहे. भारी नाचते ती. पण मी एका पावलाची सवय झालेला. ती डावीकडं वळली की मी अर्ध्या क्षणानं मागाहून वळायचो.

चढाच्या वळणावर फुटपाथला सातुर्निना बसली होती. मांडीवर थर्मास, अंगावर तपकिरी लोकरीची शाल. आम्ही जवळ आलो तशी ती उभी राहिली नाही, ओरडली नाही. तिचे पाय तेवढे बसल्या जागी पडत होते. डावा, डावा, उजवा. एकही चुकत नव्हता. शाल तिनं दोन्ही मुठींनी छातीशी घट्ट धरली होती, आणि तोंड अर्धं तिच्यात खुपसलं होतं.

सगळ्या शहराचे डोळे माझ्यावर होते मित्रांनो, आणि मी जळत होतो त्या शालीवर. खडबडीत, मळखाऊ, चकाकी नावाला नाही, पलीकडचं काडीचं दिसत नाही. तिला असं मुठीत आवळून धरता येत होतं. रडताना धरायच्या कामाचं कापड होतं ते. मी नव्हतो.

तेव्हापासून मी असेन्सियाच्या कपाटात आहे. एकदा विकून अद्दल घडल्यामुळं ती जुनं आता जपून ठेवते. मलमलीच्या खोळीत, रुंद खांद्याच्या हँगरवर. तक्रार नाही. तुमच्या घरी माझ्यासारखं तारेचं विरळ कापड असेल तर त्याला असंच टांगा, घडी घालू नका. इस्त्री आधी गालाजवळ नेऊन बघा. पिळू नका, अत्तर थेट उडवू नका. आणि नवं घरात आलं म्हणून जुन्याला त्याची खोळ करू नका. करायचीच वेळ आली तर आधी त्याला खाली काढा, झटका, चार बोटं फिरवा, 'बाबा रे, एवढं सांभाळ' असं म्हणा. वस्तूला ऐकू येत नाही असं तुम्हाला वाटतं. मला त्या दिवशी 'जुन्याकडं कोण बघतंय' हे स्पष्ट ऐकू आलं होतं.

सातुर्निनाला यंदा पारव्यांनी परत घेतलंय. चौथी ओळ, डावं टोक. काल असेन्सिया नवा घागरा घेऊन आली आणि माझ्या शेजारच्या हँगरला लावून गेली. कपाटाच्या फटीतून ऊन आलं तेव्हा मी बघितला. माझ्याहून देखणा आहे, मेला.

रंग? नाही, मित्रांनो. ते विचारू नका.